सोळा पोत्यांची नाव

आमगावात पेन्शनीवर आलेल्या माणसाकडून गावाची फार अपेक्षा नसते. त्यानं सकाळी स्टेशनच्या बाकावर बसावं, कोणती गाडी किती लेट आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं आणि घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सुनेला बोल लावावा. एवढं केलं की तो रीतसर म्हातारा झाला असं गाव मानतं. कुंजीलाल टेंभरेंनी यातलं काहीच केलं नाही. दोन हजार चारच्या जून महिन्यात ते एका सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले, हारतुरे घेऊन घरी आले आणि पंधरा दिवसांत त्यांनी घरामागच्या कोठ्यात सुतारकाम मांडलं. ते लाकडाच्या नावा बनवू लागले. माणसांनी बसायच्या नाहीत, हात-दीड हात लांबीच्या, कपाटावर ठेवायच्या.

बायको रामकलीबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. मग त्यांचा धान उकडायचा हंडा कोठ्यात गेला. नावेच्या फळ्या वाकवायच्या तर त्यांना वाफ द्यावी लागते आणि वाफेसाठी त्याहून चांगलं भांडं कुंजीलालांना घरात दिसलं नाही.

"ज्या हंड्यात उभ्या घराचं धान उकडते त्यात तुमी लाकडं शिजवून राहिले," रामकलीबाई म्हणाल्या. "उद्या पाहुणे आले तं त्याइले फळ्याच वाढू का?"

हंडा काही परत मिळाला नाही. त्यांनी दुसरा आणला आणि कोठ्याकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

लाकूड घरचंच होतं. धाकटा भाऊ उमेंद्र शेती पाहायचा. त्याच्या बांधावरची सावर वादळात पडली होती, ते हलकं, मऊ लाकूड नावेच्या अंगाला लागायचं. आतल्या फासळ्यांना जुन्या चौकटीचं सागवान. खिळे म्हणजे सायकलच्या स्पोकचे तुकडे. सांधे बुजवायला कापूस आणि राळ. बाजारातून तयार म्हणून काही आणायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. पटाशी, रंधा, कानस आणि एक पोलादी फूटपट्टी एवढ्यावर काम चालायचं. फूटपट्टीशिवाय तर त्यांचं पानही हलत नसे. पस्तीस वर्षं त्यांनी पूल, मोऱ्या, कालवे मोजले होते, आता नाव मोजायची. खरी नाव दहा फूट तर ही एक फूट. एक फळी पट्टीवर सुताएवढी कमी भरली की अख्खी बाजू उकलायची आणि पहिल्यापासून. हा माणूस मापात चुकत नाही, असं खात्यात त्यांच्याबद्दल म्हणत. ते स्वतःही तसंच म्हणत, जरा जास्तच वेळा.

दोन वर्षांत त्यांच्या हातून सहा नावा झाल्या. ढिवरांचा एकाच खोडातून कोरलेला डोंगा, नवेगावच्या तलावावर पाहिलेली मासेमारीची नाव, कॅलेंडरवरचं शिडाचं जहाज. गणेशोत्सवात मंडळानं त्या टेबलावर मांडल्या. एका वर्तमानपत्रात फोटो छापून आला, खाली लिहिलं होतं, 'सेवानिवृत्त अभियंत्याचा अनोखा छंद'. ओव्हरसियरचा अभियंता झाला याबद्दल कुंजीलालांनी कुणाला दुरुस्ती पाठवली नाही. कात्रण लॅमिनेट करून बैठकीत लावलं. मुलगा धनेंद्र वडिलांच्याच खात्यात लागला होता, त्याचे साहेब लोक घरी आले की आधी कात्रण पाहायचे आणि मग नावा.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर आठवडी बाजारात त्यांना यादोराव भेटले. यादोराव पिपरघाटचे, रिटायर झालेले गुरुजी. पिशवीत कोबी टाकता टाकता ते म्हणाले, "साहेब, पेपरात पाह्यलो तुमाले. दुनियाभरच्या नावा बनवल्या म्हनते. आमच्यावाली नाई बनवली?"

एवढं बोलून ते पुढच्या दुकानाकडे वळले. त्यांची धाकटी बहीण त्या नावेत होती.

पिपरघाट हे बाघ नदीच्या पलीकडचं गाव. पूल शहाण्णव साली झाला. त्याआधी बाजार, दवाखाना, शाळा, राइस मिल, सगळं अलीकडच्या काठाला आणि मधे नदी. पिढ्यान्‌पिढ्या ढिवर डोंग्यातून माणसं ने-आण करत. अठ्ठ्याऐंशी साली सरकारनं ठरवलं की आता डोंगा पुरे, गावाला फळ्यांची मोठी नाव द्यायची. गोंदियाच्या एका कंत्राटदारानं ती बनवून घाटावर आणली. बावीस फूट लांब, साडेचार फूट रुंद, सपाट बुडाची. किती माणसं न्यायची हे तपासून दाखला द्यायचं काम कुंजीलालांकडे आलं. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, सगळे कागद भंडाऱ्याला जायचे.

दिवस मळणीचे होते. चाचणीसाठी वीस माणसं घाटावर उभी करायची तर मिळणार कुठून, सगळा गाव खळ्यावर. पण मिलकडे निघालेल्या धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घाटावरच उभ्या होत्या. कुंजीलाल पडले पोवाराच्या, पिढीजात धान पिकवणाऱ्या घरचे. लहानपणापासून वजन म्हटलं की डोळ्यांसमोर धानाचं पोतं. माणूस सरासरी छप्पन किलोचा धरला, वीस माणसांचे झाले अकराशे वीस. सत्तर किलोची सोळा पोती म्हणजे बरोबर तेवढेच. त्यांना स्वतःच्या हिशेबाचं फार कौतुक वाटलं. नावेत आडव्या बसायच्या फळ्या होत्या, त्यांच्यामुळे पोती नीट बसेनात. "काढा ते पाटे," ते म्हणाले. पाटे काढले, पोती बुडाशी ओळीनं निजवली, नाव पलीकडे जाऊन आली. पाण्याच्या वर नावेची बाजू चांगली वीतभर कोरडी राहिली होती. कुंजीलालांनी तिथंच बंडीवर बसून दाखला लिहिला: वीस इसम नेण्यास योग्य. कंत्राटदाराची माणसं घाईत होती. काढलेले पाटे त्यांनी पुन्हा ठोकले नाहीत. पुढच्या पोळ्याला कुणाच्या तरी चुलीत ते गेले असतील.

नाव चालवायला बकाराम होता, पिपरघाटचाच ढिवर. कुंजीलाल त्याला अरे-तुरे करत, तो त्यांना साहेब म्हणे. पुढच्या ऑगस्टमध्ये बाजाराच्या दिवशी परतताना ती नाव मधल्या धारेत उलटली. आत एकोणीस माणसं होती, वीसला एक कमी. सात मेली. पाच बाया, त्यात यादोरावांची बहीण, एक म्हातारा आणि एक पोरगी.

चौकशी झाली. दाखला काढून पाहिला. नाव सोळा पोत्यांना पुरून उरली होती, मग एकोणीस माणसांना कशी उलटली? नाव ठीक, माणसं ठरल्यापेक्षा कमी, नदी फार चढलेली नाही. उरला बकाराम. कुणीतरी म्हणालं, त्याच्या तोंडाला मोहाचा वास येत होता. चौकशीसमोर बकाराम नुसता रडला. "मी वाचलो, ते नाई वाचले," एवढंच म्हणत राहिला आणि ते लोकांनी कबुलीसारखं घेतलं. कुंजीलालांनी साक्ष दिली की नाव निर्दोष होती. ते खोटं बोलले नाहीत, त्यांना तसंच वाटत होतं. कागद चोख ठेवल्याबद्दल वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली. बकाराम दीड वर्ष तुरुंगात राहून आला. त्यानंतर त्याच्या हातात कुणी वल्हं दिलं नाही आणि त्यानंही मागितलं नाही.

यादोराव बोलून गेले ते कुंजीलालांच्या मनाला फार लागलं. घरी येऊन त्यांनी रामकलीबाईंना सांगितलं, "बनवतो. तीच नाव बनवतो. चांगली होती का नाही ते पाहू दे लोकाइले." मापं शोधायला कुठं जायचं नव्हतं. खात्याला दिलेल्या प्रत्येक मापाची एक नक्कल ते स्वतःच्या डायरीत ठेवत आणि अठ्ठ्याऐंशीची डायरी ट्रंकेत होती. कंत्राटदारानं कुठल्या जाडीची फळी वापरली, कुठं किती अंतरावर फासळी होती, सगळं त्यांच्याच अक्षरात.

ही नाव त्यांनी सर्वांत मन लावून केली. अडीच महिने लागले. दिवाळीलाही ते कोठ्यातच होते. इतर नावांना ते रंग द्यायचे, हिला दिला नाही. घाटावर आली होती तशीच, राळेच्या पट्ट्यांची. मग जुन्या धोतराच्या सोळा इवल्या पिशव्या रामकलीबाईंकडून शिवून घेतल्या. प्रत्येकीत सत्तर ग्रॅम तांदूळ. अंगणात गुरांना पाणी पाजायचं सिमेंटचं टाकं होतं, त्यात नाव सोडली, पिशव्या निजवल्या. नाव देखणी तरंगली. हलवली तर डुलली आणि सरळ झाली. कुंजीलालांनी टाक्याच्या काठावर बसून एक बिडी ओढली. बरेच दिवसांनी त्यांना स्वस्थ वाटलं.

तेवढ्यावर थांबले असते तर सुखात मेले असते. पण चोखपणाची खोड वाईट. यादोरावांना दाखवायची तर पोती भरून कशी दाखवायची, त्या दिवशी नावेत माणसं होती. म्हणून त्यांनी सावरीची एकोणीस माणसं कोरली. सहा इंचांची बाई, जरा उंच बाप्या, एक लहान पोरगी. आतून पोकळ करून जाळ्याला लावतात ते शिसं भरलं आणि प्रत्येकाचं वजन जमवलं. बसायला पाटे नव्हते आणि बाजारातून आलेली बाई ओल्या बुडावर लुगडं टेकवून बसत नाही, म्हणून सगळी उभीच ठेवली. मार्गशीर्षातली सकाळ होती. टाक्यातल्या पाण्याला त्यांनी एका बोटानं धक्का दिला.

नाव एका अंगावर गेली. परत आली नाही. एकोणीसच्या एकोणीस माणसं टाक्याच्या तळाशी गेली.

त्यांना वाटलं, शिसं वर भरलं गेलं. माणसं पुन्हा कोरली. पुन्हा उलटली. पाणी बदललं, वारा नसताना करून पाहिलं, माणसं चार कमी केली. अकरा वेळा नाव बुडाली. बाराव्या वेळी त्यांनी पातळ पट्ट्यांचे पाटे करून बसवले, मूळ नकाशात होते तसे आणि पहिली एकोणीस माणसं कंबरेत कापून त्यावर बसवली. आता बोटानं काय, तळहातानं ढकलली तरी नाव सावरून घेई. वजन तेच, माणसं तितकीच, पाणी तेच. पोतं बुडाशी निजतं आणि माणूस उभा राहतो, एवढाच फरक होता. धानात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात तो वीस वर्षांपूर्वी आलाच नव्हता आणि बसायचे पाटे त्यानं स्वतःच्या तोंडानं काढायला लावले होते.

रामकलीबाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या ते त्यांना कळलं नाही. बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. "आता जा अन् सांगा त्याले," त्या म्हणाल्या. "जित्ता आहे म्हनते बकाराम. आजच जा."

"जातो," कुंजीलाल म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी धनेंद्रला सांगितलं. धनेंद्र तेव्हा बढतीच्या यादीत होता. त्यानं बापाचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूजी, फाइल कधीची नष्ट झाली असेल. तुमी आता तोंड उघडलं तं पेपरवाले आधी माझ्या ऑफिसात येतील. गेलेले परत येणार हायेत का? जरा थांबा. माझी ऑर्डर निघू द्या."

कुंजीलाल थांबले. आणि इथं त्यांची कीव करायची कुणाला इच्छा झाली तर त्यानं ती आवरावी, कारण त्यांना थांबायचंच होतं. मुलानं नुसतं निमित्त हातात दिलं. आधी ऑर्डर निघू दे. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली. मग धानाची रोवणी. मग सून दुर्गेश्वरीचं बाळंतपण. प्रत्येक वेळी पिपरघाटला न जाण्याला चांगलं, सभ्य, घरंदाज कारण सापडत गेलं आणि मधल्या काळात कोठ्यात नावांमागून नावा होत राहिल्या. इतक्या सुबक नावा त्यांच्या हातून आधी कधी झाल्या नव्हत्या. जिल्ह्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. दोन शाळांनी बोलावलं. मुलांना ते सांगत, "कामात खोट ठेवायची नाही." ती बिनरंगाची नाव पोती, पाटे आणि उभ्या-बसत्या माणसांसकट कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. रामकलीबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं नाही, जेवण वेळेवर वाढलं, पण कोठ्याच्या उंबऱ्यापुढे त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत आणि बक्षिसाचा करंडक त्यांनी पुसला नाही. त्यावरची धूळ दुर्गेश्वरीच झटके.

दोन वर्षं गेली. दोन हजार दहाच्या दिवाळीनंतर धनेंद्रची ऑर्डर निघाली. पेढे वाटून झाले आणि कुंजीलालांपाशी एकही कारण उरलं नाही. एका सकाळी रामकलीबाईंनी माळ्यावरचं गाठोडं काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवलं.

काळीपिवळी जीपमध्ये बसून, गाठोडं मांडीवर घेऊन ते पूल ओलांडून पिपरघाटला गेले. बकारामचं घर ढिवरांच्या मोहल्ल्यात शेवटचं. तो अंगणात बाज विणत बसला होता. सत्तरीचा, वाळलेला, डोळ्यांत फूल पडलेलं. कुंजीलालांनी हाक दिली तसं आवाजावरून त्यानं ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"टेंभरे साहेब? तुमी इकडे काऊन आले?"

"बकारामभाऊ, बस," कुंजीलाल म्हणाले. भाऊ हा शब्द त्यांनी त्याच्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा वापरला आणि वापरताना त्यांनाच तो उसना वाटला. त्यांनी गाठोडं सोडलं. बकारामनं नावेवरून हात फिरवला, बाहेरून, मग आतून. आतली बाजू चाचपताना त्याचा हात थांबला.

"हे तेच आहे," तो म्हणाला. "पाटे नाई हीले."

घरामागं बोडी होती, शेतातलं लहानसं तळं. दोघं तिथं गेले. बकाराम पाण्यापासून चार हात लांब उभा राहिला. तुरुंगातून आल्यापासून तो पाण्यात उतरला नव्हता, आंघोळसुद्धा अंगणात बादलीनं करायचा, हे नंतर कळलं. कुंजीलालांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. आधी पोती ठेवून दाखवली. मग उभी माणसं ठेवली आणि बोटानं ढकललं. नाव गेली. मग पाटे बसवले, बसती माणसं ठेवली, पुन्हा ढकललं. नाव राहिली. बकारामनं तिन्ही वेळा वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाला, "आनखीन एक बार करा." कुंजीलालांनी केलं. आणखी एकदा केलं.

"तुझी चूक नव्हती," ते पाण्यात उभ्या उभ्याच म्हणाले. "माझी होती. पाटे मी काढले. वीसचा दाखला मी लिहिला. कोनीबी चालवली असती तरी बुडाली असती." हे वाक्य त्यांनी दोन वर्षं मनात घोकलं होतं. म्हणून झाल्यावर त्यांना वाटलं की आता हा शिव्या देईल, धावून येईल, निदान रडेल. तेही त्यांनी मनात मांडून ठेवलं होतं आणि त्याची तयारी करून आले होते.

बकाराम खाली बसला.

"रुख्मा गेली ना माही," तो म्हणाला. "गेल्या माघात."

"मला माहीत नव्हतं."

"तुमाले कसं मालूम राहीन." तो सावकाश बोलत होता, कुणाला दोष देत नव्हता. "वीस साल तिनं मले एका शब्दानं नाई इचारलं. लोकं तिले घाटावर, बाजारात बोलत, खून्याची बायको म्हनत, थे आयकून घे. पोरीचं लगन दोन दफा मोडलं, तईबी नाई इचारलं. जायाच्या आदल्या दिवशी मनाली, आता तरी खरं सांगा, त्या दिवशी पेल्ले होते का. मी हो म्हटलो."

"पेला होतास?"

"नाई. त्या दिवशी थेंब बी नाई लावलो तोंडाले. पन साहेब, गाव म्हनते पेल्ला होता, कोरट म्हनते पेल्ला होता. नाव तं चांगली होती, थे तुमीच लिहून देल्ले. मंग कोनाचं तरी चुकलंच असन ना. इतकी वर्सं झाली, मले बी वाटाले लागलं का पेल्लो असन म्हनून. अन् नाई म्हटलो असतो तं तिले वाटलं असतं, मरता मरता बी हा माणूस आपल्यासंग खोटं बोलून राह्यला. म्हनून हो म्हटलो. तिनं तोंड भिताडाकडे केलं. मंग बोलली नाई."

कुंजीलाल चिखलातच उभे होते. माघ. मनातल्या मनात त्यांनी महिने मोजले आणि मोजायला फार वेळ लागला नाही. टाक्यात नाव बुडाली त्यानंतर एक अख्खं वर्ष आणि वर महिनाभर ती बाई जिवंत होती. सात मैलांवर, काळीपिवळीच्या वाटेवर, भिंतीकडे तोंड न करता जिवंत होती. ज्या दिवशी त्यांना प्रदर्शनात करंडक मिळाला, त्या दिवशीही होती.

"साहेब," बकारामनं विचारलं, "तुमाले हे कधी समजलं?"

त्याच्या विचारण्यात काही खोच नव्हती. सहज विचारलं, जसं कुणी पाहुण्याला विचारतं, कधी निघालात घरून. एवढं एकच उत्तर ते त्याला देणं लागत होते. बाकी सगळं बोडीच्या पाण्यात दाखवून झालं होतं, कबूल करून झालं होतं आणि खरं म्हणजे ते करणं अवघडही गेलं नव्हतं.

"परवा," कुंजीलाल म्हणाले.

बकारामनं मान हलवली. "परवा," तो म्हणाला. "मंग तुमी तरी का करान. रुख्माचंच नशीब, आनखी का." आणि उठून चार हात पुढे आला, पाण्याच्या कडेपर्यंत, म्हातारा माणूस घसरेल म्हणून त्यानं कुंजीलालांना हात दिला. त्या हाताला धरून ते बाहेर आले. बकारामनं त्यांच्या पायांवरचा चिखल आपल्या पंच्यानं पुसायला घेतला. कुंजीलाल नको नको म्हणत राहिले, तो ऐकेना.

बांधावरून केवलराम बैल घेऊन चालला होता. त्याची आई त्या सातांपैकी एक. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि मोठा झाल्यावर बकारामच्या दारावरून जाताना थुंकल्याशिवाय पुढे गेला नव्हता. बैलांच्या घुंगरांवरून ओळखून बकारामनं त्याला हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मारली असावी, कारण केवलराम बैल सोडून थांबला.

"इकडे ये बाबू. हे टेंभरे साहेब आहेत, नाव तपासनारे. नाव वाईट होती म्हनते. थ्याइनं स्वतः बनवून पाह्यली. चूक आपली होती म्हनून सांगाले आले." बकारामच्या आवाजात कुंजीलालांबद्दल अभिमान होता, दुसरं काही नव्हतं. "परवा समजलं थ्याइले, अन् आज दारी आले. कोन येते बाबू असा? मोठ्या मनाचा मानूस आहे."

केवलरामनं नावेकडे पाहिलं, बकारामकडे पाहिलं आणि मग पुढे येऊन तो कुंजीलालांच्या पाया पडला. कुंजीलालांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.